शिकारी सुरीचे हरवलेले पाणी

लोहाराकडून कोयता पाजवून आणला, की शेतकरी आधी धारेवर अंगठा आडवा फिरवून बघतो. पाणी नीट बसलंय ना? घण मारणे हा सरावाचा भाग, पण खरी मेख पाण्यात. तापलेले पोलाद कोणत्या रंगावर बुडवायचे, मग मंद आचेवर कितपत उतरवायचे, हे लोहाराच्या डोळ्याला कळावे लागते. जास्त कडक झाले तर पाते काचेसारखे तुटते, नरम राहिले तर धार वळते. याच विद्येची एक गोष्ट, श्रोतेहो, आज सांगायची आहे. मात्र ती आपल्याकडची नव्हे, अमेरिकेतली.

तिथे गोऱ्या लोकांची वस्ती मूळ रहिवाशांना मागे रेटत पश्चिमेकडे सरकत होती. वस्तीच्या त्या कडेला ‘फ्राँटियर’ म्हणत. हरणाचे कातडे सोलायला, मांस कापायला, ढलप्या काढायला तिथल्या माणसाच्या कमरेला एक मोठी सुरी असे. लुइझियानात रेझिन बुई याने अशी सव्वानऊ इंच पात्याची सुरी केली. ती फक्त शिकारीसाठी होती, असे त्याने स्वतःच १८३८ साली लिहून ठेवले आहे. पण १९ सप्टेंबर १८२७ रोजी मिसिसिपी नदीतल्या वाळूच्या बेटावर झालेल्या मारामारीत त्याचा भाऊ जिम याने मोठी सुरी चालवली, वर्तमानपत्रांनी ती गाजवली, आणि जो तो ‘बुई सुरी’ मागू लागला. पुढे १८३६ साली जिम टेक्सासात अलामोच्या लढाईत पडला, तेव्हा तर विचारायलाच नको.

मग एवढ्या सुऱ्या घडवल्या कोणी? झाडाखाली भाता ओढणारा लोहार आपल्या डोळ्यांपुढे येतो. तोही होताच. पण पुष्कळ माल इंग्लंडातल्या शेफील्डहून बोटीने येई. जॉन रसेल याने १८३४ साली मॅसॅच्युसेट्समध्ये कारखाना काढला, आणि त्याच्या ‘ग्रीन रिव्हर’ छापाच्या सुऱ्या रॉकी पर्वतातल्या शिकाऱ्यांपर्यंत पोचल्या. म्हणजे गावचा लोहार त्या काळातच मागे पडू लागला होता.

आर्कान्सामधल्या वॉशिंग्टन नावाच्या लहानशा गावी जेम्स ब्लॅक हा असाच एक लोहार होता. पात्याला पाणी द्यायची त्याची रीत गुप्त असे. पुढे तो आंधळा झाला. डॉक्टर जोन्स यांच्या घराने त्याला सुमारे तीस वर्षे सांभाळले. १८७० च्या सुमारास म्हातारा डॉक्टरांच्या मुलाला म्हणाला, कागद-दौत आण, उपकार फेडायला माझ्यापाशी एवढेच आहे. मुलगा लिहायला बसला. म्हातारा थोडे बोलला आणि थांबला. कपाळ चोळत राहिला. तासाभराने ये म्हणाला. पुन्हा आला तरी तेच. शेवटी तो रडू लागला, काहीच आठवेना.

हा मुलगा पुढे आर्कान्साचा गव्हर्नर झाला आणि त्याने ही हकीकत लिहून ठेवली. इतिहासकार तिच्यातल्या बऱ्याच गोष्टींवर शंका घेतात. गव्हर्नरांची भक्ती जरा जास्तच असावी, असे मलाही वाटते. पण वहीविना गेलेले हुन्नर कोणत्या गावाने पाहिलेले नाहीत?

विसाव्या शतकात हातघडणीच्या सुरीने पुन्हा मूळ धरले. मेरिलँडच्या बिल मोरन याने १९७३ साली लोखंड-पोलादाचे थर एकजीव करून घडवलेल्या, लहरी-लहरींच्या पात्याच्या सुऱ्या प्रदर्शनात मांडल्या. त्यांना ‘दमास्कस’ म्हणतात. (जुन्या दमास्कस तलवारींचे पोलाद वेगळे, मुशीत केलेले, ते आपल्या दख्खनमधूनही जात असे.) मोरनने सुरीबरोबर ती कशी करायची याची पुस्तिका फुकट वाटली! १९७६ साली लोहारांची संस्था निघाली, आणि १९८८ साली तिची शाळा उघडली, तीही ब्लॅकच्याच वॉशिंग्टन गावात.

त्या संस्थेची परीक्षा ऐकण्यासारखी आहे. उमेदवाराने स्वतः घडवलेल्या सुरीने टांगलेला एक इंच जाडीचा दोर एका घावात तोडायचा. मग लाकडाची जाड पट्टी दोनदा तोडायची. त्यानंतर त्याच धारेने हातावरचे केस उतरले पाहिजेत. शेवटी पाते व्हाइसमध्ये धरून काटकोनात वाकवतात, तेव्हा ते मोडता कामा नये. परीक्षेत उतरलेली ती सुरी मग कामाची राहत नाही.