कळतं पण वळत नाही : बाळाला हलवू नका, हे शिकवण्याचा इतिहास

तान्ह्या बाळाला गदागदा हलवू नका, एवढं एकच वाक्य आईबापांना शिकवायचं, त्याचा इतिहास आज आपण पाहणार आहोत. पाळण्याला झोका देणं, मांडीवर खेळवणं यांबद्दल आम्ही बोलत नाही आहोत, हे आधीच सांगतो. नाहीतर घरोघरच्या आज्या आमच्यावर रागावतील. आपला विषय आहे तो संतापाच्या भरात बाळाला छातीला किंवा दंडाला धरून जोरजोरात हलवण्याचा. बाळाचं डोकं अंगाच्या मानाने जड आणि मानेत बळ नाही. मेंदू कवटीत हिंदकळतो, त्यावरच्या बारीक शिरा तुटतात. बाहेर एकही वळ दिसत नाही, आणि आत रक्तस्राव झालेला असतो.

१९७१ साली इंग्लंडमधल्या हल शहरातले मेंदूचे शल्यचिकित्सक नॉर्मन गुथकेल्च यांनी हे प्रथम नीट मांडलं. त्यांच्या लेखातलं एक निरीक्षण आम्हाला वैद्यकापेक्षाही मोलाचं वाटतं. मुलाला मारणं लोकांना वाईट वाटतं, पण हलवणं चालतं, ते कमी धोक्याचं समजलं जातं, असं त्यांनी नोंदवलं. म्हणजे कित्येक आईबाप आपण सौम्य वागतो आहोत याच समजुतीत होते! पुढे अमेरिकेत जॉन कॅफी यांनी १९७४ साली देशव्यापी शिक्षणमोहीम हवी असं लिहिलं. पुरावा अपुरा आणि बराचसा परिस्थितिजन्य आहे, हेही त्यांनी तिथेच कबूल केलं होतं. शिकवायला तेवढा पुरावा पुरे होता. शिक्षा ठोठवायला पुरे आहे का, हा प्रश्न वेगळा. न्यायालयांत या निदानाचा जसा वापर झाला त्याने खुद्द गुथकेल्चही उतारवयात अस्वस्थ झाले, आणि त्यांनी ते लिहूनही ठेवलं.

आता शिक्षणाकडे येऊ. जाणूनबुजून कोणी वाईट करत नाही, असं सॉक्रेटिस मानत असे. अज्ञान घालवा, वाईट कृत्य आपोआप थांबेल. १९९८च्या डिसेंबरात न्यूयॉर्क राज्याच्या पश्चिम भागात मार्क डायस यांनी सुरू केलेला कार्यक्रम नेमका याच विश्वासावर उभा होता. बाळंतीण घरी जाण्यापूर्वी तिला पत्रक द्यायचं, चित्रफीत दाखवायची, आणि 'आम्हाला हे समजलं' अशा कागदावर सही घ्यायची. वडिलांचीही, शक्य असेल तिथे. कारण हलवणाऱ्यांत पुरुषांचं प्रमाण मोठं. २००५ साली निष्कर्ष छापून आले : अशा दुखापतींचं प्रमाण ४७ टक्क्यांनी उतरलं होतं. सॉक्रेटिस जिंकला म्हणायचा!

पण नाही. तोच कार्यक्रम पेनसिल्व्हेनिया राज्यभर झाला. २०१७ साली हिशेब मांडला तेव्हा आईबाप सांगत होते की आम्हाला नवं कळलं. मात्र रुग्णालयात दाखल होणाऱ्या बाळांचं प्रमाण कमी झालं नव्हतं. ॲरिस्टॉटलने सॉक्रेटिसविरुद्ध हाच मुद्दा काढला होता. आपल्याकडे त्याला तीन शब्द पुरतात : कळतं, वळत नाही. रात्री तीन वाजता, दोन तास न थांबता रडणारं बाळ हातात असताना सही केलेला कागद कोणाला आठवतो?

म्हणून काही जणांनी शिकवण्याचा विषयच बदलला. हलवण्याऐवजी रडणं शिकवायचं. बेरी ब्रेझलटन यांनी १९६२ सालीच निरोगी बाळांचं रडणं मोजून दाखवलं होतं : पहिल्या आठवड्यांत ते वाढत जातं, सहाव्या आठवड्याच्या सुमारास कळस गाठतं, मग उतरतं. रोनाल्ड बार यांनी त्यावरच कार्यक्रम रचला. बाळ रडतं ते तुमचं चुकतं म्हणून नव्हे, काही वेळा ते कशानेच शांत होत नाही. फारच असह्य झालं तर त्याला पाठीवर, सुरक्षित जागी ठेवा, दार ओढून पाच मिनिटं बाहेर जा, मग परत येऊन पाहा. लेकीच्या बाळंतपणाला परदेशी जाणाऱ्या आमच्या वयाच्या मंडळींना रडतं बाळ असं ठेवून जाणं क्रूर वाटेल. आम्हालाही आधी वाटलं.

याचेही निकाल एकसारखे नाहीत. नॉर्थ कॅरोलिनात रडण्याच्या चौकशीचे परिचारिकांना येणारे फोन कमी झाले, दुखापती झाल्या नाहीत. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात मात्र दोन वर्षांखालच्या बाळांतलं प्रमाण सुमारे ३५ टक्क्यांनी घटलं. तिथे रुग्णालयात एकदा सांगून सोडून देत नाहीत. बाळ घरी गेल्यावर, ऐन रडण्याच्या दिवसांत, सार्वजनिक आरोग्य विभागाची परिचारिका तेच पुन्हा सांगते.