पाचांपुढे गुरू

आहेराच्या पाकिटात आपण १०० रुपयांवर एक रुपया ठेवतो; जपमाळेत १०८ मणी ओवतो. संख्येला पावित्र्य देण्याची ही सवय आपल्या देशात फार जुनी. त्यातही पाचाचा मान मोठा. पंचमहाभूते, बौद्धांचे पंचशील, जैनांची पंच महाव्रते, पूजेतले पंचामृत, ही यादी कितीही वाढविता येईल. शिखांचेही ककार पाच, विकार पाच आणि तख्ते पाच. त्यांतले एक आपल्या नांदेडला आहे. मग शिखांच्या पाचात निराळे ते काय?

आधी एकाकडे पाहू. गुरू ग्रंथसाहिबाच्या आरंभी अक्षराच्याही आधी आकडा येतो, एक. परमेश्वर एक, म्हणून त्याच्या दारी उच्चनीच नाही. हा विचार माणसांत उतरला तो १६९९ च्या वैशाखीला. परंपरा सांगते की, आनंदपूरच्या मेळाव्यात गुरू गोविंदसिंगांनी तलवार उपसून शिर मागितले, तेव्हा एकामागून एक पाच जण उठले: लाहोरचा खत्री दयाराम, हस्तिनापूरचा जाट धरमदास, जगन्नाथपुरीचा पाणक्या हिंमत, द्वारकेचा छिंपी मोहकम आणि बिदरचा न्हावी साहिब. पाच गावचे, पाच जातींचे हे लोक एकाच लोखंडी पात्रातले अमृत प्याले. त्यानंतर गुरूंनी त्यांच्यापुढे हात जोडले आणि त्यांच्याच हातून आपण अमृत घेतले.

आमच्या मते मर्म येथे आहे. पंचमहाभूते कोणाला हुकूम करीत नाहीत. या पाचांना मात्र अधिकार मिळाला. १७०४ साली चमकौरच्या गढीला वेढा पडला, तेव्हा पाच शिखांनी गुरूंना निघून जाण्याची आज्ञा केली आणि गुरूंनी ती पाळली, असे शीख परंपरा सांगते.

कामगार चळवळीत आम्हीही कमिट्या नेमल्या. एका संपात कमिटीने कामावर परतण्याचा निर्णय दिला असता, पुढारीपणाच्या तोऱ्यात आम्ही तो मानला नाही. त्याची किंमत आमच्या नव्हे, कामगारांच्या चुलींनी मोजली. कमिटी नेमणे सोपे. तिचे ऐकणे अवघड.

शीख रहित मर्यादेत शकुन-मुहूर्ताला थारा नाही. तेव्हा पाच हा आकडा शुभ की अशुभ, हे ज्योतिषाला विचारण्याचे कारण उरत नाही. ‘पाचामुखी परमेश्वर’ असे आपणही म्हणतो. ते पाच आपल्याविरुद्ध बोलले, तरी तो परमेश्वरच, एवढे मानता आले पाहिजे.