पृथ्वीची खोल विहीर, चंद्राची उथळ

* गुरुत्वविहीर : पृथ्वीच्या ओढीतून सुटायला सेकंदाला ११.२ किलोमीटर वेग लागतो, चंद्राच्या ओढीतून जेमतेम २.४. खरा खर्च पृथ्वीवरून वर चढण्याचाच. उड्डाणावेळी सॅटर्न-५ रॉकेटचं वजन २,९०० टनांच्या घरात होतं; त्यातलं चंद्राच्या वाटेला लागलेलं अपोलो यान ४५ टनांच्या आसपास. बाकी बहुतेक इंधनच! म्हणून अंतराळप्रवासाच्या वाटेत ठाणी उभारण्याचा आग्रह रास्त आहे. मात्र नुसत्या थांब्याने इंधन वाचत नाही. उलट थांबायला आणि पुन्हा निघायला ते जास्तच जळतं. तिथे टाकी भरता आली, तीही चंद्रावरच्या बर्फातून काढलेल्या हायड्रोजन-ऑक्सिजनने, तर हिशेब जुळतो. चांद्रयान-१ वरच्या उपकरणाने टिपलेल्या पाण्याच्या खुणा २००९ मध्ये जाहीर झाल्या, त्यांचं मोल इथे आहे.