हॉटेलमधील पानकक्ष

हॉटेलमधील पानकक्ष : हॉटेलात उतरलेल्या प्रवाशांना व बाहेरून येणाऱ्या ग्राहकांना निवांत बसून मद्यपेये आणि त्यांसोबत हलके खाद्यपदार्थ घेता यावेत, यासाठी राखलेली बैठकीची जागा. ‘कॉकटेल लाउंज’ या नावानेही ती ओळखली जाते. गुत्त्यात ग्राहक मुख्यतः मद्यासाठीच येतो. पानकक्षात तो गाठीभेटी, संभाषण, संगीत किंवा भोजनापूर्वीची प्रतीक्षा अशा निमित्तांनीही बसतो. वरवर पाहता ही जागा केवळ विरंगुळ्याची वाटते. परंतु तिची मांडणी, तेथील खाद्यपदार्थ आणि तेथे कोणी बसावे यासंबंधीचे संकेत बव्हंशी मद्यविषयक कायद्यांनी घडविलेले आहेत.

पेये व मांडणी : पानकक्षातील वैशिष्ट्यपूर्ण पेय म्हणजे कॉकटेल. न्यूयॉर्क राज्यातील हडसन येथील एका नियतकालिकाने १८०६ मध्ये मद्यार्क, साखर, पाणी व कडवट अर्क यांचे मिश्रण अशी त्याची व्याख्या दिली होती. जेरी टॉमस (१८३०–८५) या अमेरिकन पेयतज्ज्ञाने १८६२ मध्ये अशा मिश्रणांच्या कृतींचे पुस्तक प्रसिद्ध केले आणि मद्य मिसळणे हे एक कौशल्य मानले जाऊ लागले. बर्फाचा व्यापार वाढल्याने थंड पेये शहरांतून सर्रास मिळू लागली. पानकक्षात उंच फळीमागे पेये तयार करणारा बारमन असतो, तर उरलेल्या भागात बुटकी मेजे, गादीच्या खुर्च्या व मंद दिवे असतात. फळीपाशी उभे राहून पिण्याऐवजी मेजापाशी बसून, सेवकाकडून पेय मागवून घेणे हा बार आणि लाउंज यांतील मुख्य फरक होय. या फरकाला केवळ सोयीचा नव्हे, तर सामाजिक प्रतिष्ठेचाही अर्थ होता.

यूरोप व आशियातील प्रसार : लंडनचे सॅव्हॉय हॉटेल १८८९ मध्ये सुरू झाले. सेझार रिट्झ (१८५०–१९१८) हा व्यवस्थापक आणि ओग्यूस्त एस्कॉफ्ये (१८४६–१९३५) हा पाककलातज्ज्ञ यांनी तेथे उत्तम भोजनाची परंपरा निर्माण केली. अमेरिकन पद्धतीची पेये देणाऱ्या तेथील ‘अमेरिकन बार’ची प्रमुख म्हणून एडा कोलमन (१८७५–१९६६) हिने १९०३ पासून सु. दोन दशके काम केले. त्या काळात या पदावर स्त्री असणे अपवादात्मक होते. अमेरिकेत १९२० मध्ये देशव्यापी दारूबंदी लागू झाल्यावर तेथील अनेक बारमन परदेशी गेले. त्यांपैकी हॅरी क्रॅडॉक (१८७६–१९६३) हा सॅव्हॉयमध्ये दाखल झाला; त्याने संकलित केलेले कॉकटेलकृतींचे पुस्तक १९३० मध्ये प्रसिद्ध झाले. एका देशातील बंदीमुळे दुसऱ्या देशातील पानकक्ष समृद्ध झाले. आशियात सिंगापूरच्या रॅफल्स हॉटेलातील ‘सिंगापूर स्लिंग’ हे पेय प्रसिद्ध आहे. ते तेथील बारमन न्यिआम टोंग बून याने सु. १९१५ मध्ये तयार केल्याचे सांगितले जाते. स्त्रियांनी चारचौघांत मद्य घेणे शिष्टसंमत नसल्याने फळांच्या रसासारखे दिसणारे हे पेय त्यांच्यासाठी योजले, असेही परंपरा सांगते.

खाद्यपदार्थ : मद्य आणि अन्न यांची सांगड काही ठिकाणी थेट कायद्यानेच घातली. न्यूयॉर्क राज्यात १८९६ मध्ये संमत झालेल्या रेन्स कायद्यान्वये रविवारी मद्यविक्रीस बंदी होती. तथापि किमान दहा खोल्या असलेल्या हॉटेलांना भोजनासोबत मद्य देण्याची मुभा होती. परिणामी अनेक गुत्तेवाल्यांनी माडीवर कशाबशा खोल्या काढून स्वतःस हॉटेल म्हणवून घेतले. भोजनाची अट पुरी करण्यासाठी मेजावर एखादे सँडविच ठेवले जाई. ते न खाताच परत नेऊन पुढील गिऱ्हाइकापुढे मांडण्यात येई. या खोल्यांचा उपयोग अनैतिक व्यवहारांसाठी होऊ लागल्याने सुधारकांनीच पुढे या कायद्याविरुद्ध ओरड केली. मोठ्या हॉटेलांतून मात्र ही सांगड वास्तवात उतरली. खारे बदाम व शेंगदाणे, ऑलिव्ह, चीज, पावाच्या लहान तुकड्यांवर मांडलेले मासे व मांस असे पदार्थ रूढ झाले. खारट पदार्थांनी तहान वाढते व विक्रीस हातभार लागतो. उलट पोटात अन्न असल्यास मद्य रक्तात अधिक सावकाश मिसळते. भारतात यांनाच ‘चखणा’ म्हणतात. मसाला शेंगदाणे, पापड, कबाब, मिरची घातलेला चीज टोस्ट हे त्यांतील लोकप्रिय प्रकार होत.

स्त्रियांचा प्रवेश : ऑस्ट्रेलियात मद्यगृहांनाच हॉटेल म्हणण्याचा प्रघात आहे. तेथे सार्वजनिक बार पुरुषांचा, तर लाउंज ही स्त्रियांना बसता येईल अशी जागा, असा भेद होता. लाउंजमध्ये तेच पेय अधिक किंमतीला मिळे. क्वीन्सलंड राज्यात बारमध्ये स्त्रियांना मद्य देण्यास कायद्याने मनाई होती. तिच्या निषेधार्थ मर्ल थॉर्नटन व रोझली बोग्नर या दोघींनी ३१ मार्च १९६५ रोजी ब्रिझ्बेनमधील रेगाटा हॉटेलच्या बारच्या दांडीला स्वतःस साखळीने बांधून घेतले. १९७० मध्ये ही मनाई उठली. न्यूयॉर्कच्या प्लाझा हॉटेलातील ओक रूममध्ये दुपारच्या भोजनवेळी पुरुषाच्या सोबतीवाचून आलेल्या स्त्रियांना घेतले जात नसे. फेब्रुवारी १९६९ मध्ये बेटी फ्रीडन (१९२१–२००६) व त्यांच्या सहकारी स्त्रियांनी तेथे जाऊन निदर्शने केली आणि लवकरच हा नियम मागे घेण्यात आला. मद्य वाढण्याच्या कामाबाबतही असाच भेद होता. मालकाची पत्नी वा कन्या नसलेल्या स्त्रीस बारमध्ये मद्य देण्याचे काम करू न देणारा मिशिगन राज्याचा कायदा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९४८ मध्ये वैध ठरविला होता. १९७६ मधील एका निकालात न्यायालयाने ही भूमिका सोडून दिली.

भारतातील स्थिती : मुंबईचे ताजमहाल हॉटेल १९०३ मध्ये सुरू झाले. तेथील हार्बर बार १९३३ मध्ये उघडला असून, शहरातील पहिला बार-परवाना त्यास मिळाल्याचे सांगितले जाते. ताजमध्ये १९३५ मध्ये लिऑन ॲबी याच्या आफ्रिकी-अमेरिकन वाद्यवृंदाने जॅझ संगीत सादर केले. पुढील दशकात चिक चॉकलेट या नावाने प्रसिद्ध असलेले गोमंतकीय तुतारीवादक आंतोनियो झेव्हियर व्हाझ तेथे वाद्यवृंद चालवीत. हॉटेलांत वाजविणाऱ्या अनेक गोमंतकीय वादकांनी पुढे हिंदी चित्रपटसंगीतातही काम केले.

मुंबई प्रांतात काँग्रेस मंत्रिमंडळाने १९३९ मध्ये दारूबंदीचा प्रयत्न केला. स्वातंत्र्यानंतर १९४९ चा मुंबई दारूबंदी अधिनियम संमत होऊन १९५० पासून राज्यात संपूर्ण दारूबंदी अंमलात आली. मुंबई राज्य विरुद्ध एफ्. एन्. बलसारा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९५१ मध्ये अधिनियमातील काही कलमे रद्द केली, परंतु त्याचा मुख्य गाभा वैध ठरविला. परदेशी प्रवाशांना, तसेच प्रकृतीच्या कारणास्तव मद्याची गरज असलेल्यांना व्यक्तिगत परवाने मिळत. परवानाधारकांना मद्य मिळण्याची जागा ती ‘परमिट रूम’. १९६० नंतर निर्बंध शिथिल होत गेले, तरी हा शब्द मराठी बोलीत व दुकानांच्या पाट्यांवर टिकून राहिला. पिणाऱ्याजवळ परवाना असावा, ही अटही महाराष्ट्राच्या कायद्यात कायम आहे. गोव्यात १९६१ च्या मुक्तीनंतरही दारूबंदी आली नाही. तेथील काजूच्या फेणीस २००९ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला आणि एके काळी खेड्यातील तावेर्नांत मिळणारे हे मद्य हॉटेलांतील कॉकटेलांतही वापरले जाऊ लागले.

ताऱ्यांकित हॉटेल आणि साधे मद्यगृह यांत भेद करावा काय, हा प्रश्न न्यायालयांपुढेही आला. महाराष्ट्र शासनाने २००५ मध्ये परमिट रूम, बीअर बार व उपाहारगृहांतील नृत्यास बंदी केली. मात्र तीन व त्यांहून अधिक तारे असलेली हॉटेले, जिमखाने व क्लब यांना तीतून वगळले. या बंदीमुळे हजारो स्त्रियांची उपजीविका गेली. एकाच प्रकारचा कार्यक्रम एका जागी अनैतिक व दुसऱ्या जागी निर्दोष ठरू शकत नाही, या विचारास अनुसरून मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये व सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ही तरतूद घटनाबाह्य ठरविली. तत्पूर्वी २००७ मध्ये अनुज गर्ग विरुद्ध हॉटेल असोसिएशन ऑफ इंडिया या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९१४ च्या पंजाब अबकारी अधिनियमातील, मद्यपानाच्या जागी स्त्रियांना नोकरीस मनाई करणारे कलम रद्द केले होते. संरक्षणाच्या नावाखाली स्त्रीचे व्यवसायस्वातंत्र्य हिरावून घेता येणार नाही, असे न्यायालयाचे मत होते. या निकालाने हॉटेल-व्यवस्थापनाचे शिक्षण घेतलेल्या तरुणींना पानकक्षातील काम कायद्याने खुले झाले.

मद्यपानाचे दुष्परिणाम कमी करणे हे शासनाचे रास्त उद्दिष्ट होय व राज्यघटनेच्या अनुच्छेद ४७ मध्येही मद्यबंदीचे मार्गदर्शक तत्त्व नमूद आहे. परंतु पानकक्षाचा इतिहास पाहता, या उद्दिष्टासाठी केलेले नियम सर्वांना सारखे लागू झाले नाहीत. हॉटेलच्या दारातून आत येणाऱ्यास जी मुभा मिळाली, ती रस्त्यावरील गिऱ्हाइकास, एकट्या स्त्रीस किंवा तेथे राबणाऱ्या कामगारास मिळावी म्हणून दीर्घकाळ झगडावे लागले.