बाळंतिणीचा मान आणि गर्भिणीचें ताट

रत्नागिरीकडील घरांत बाळंतिणीचा मान मोठा. अळिवाचे व डिंकाचे लाडू, खोबरें, खसखस, लसणीच्या फोडणीची शेपू, ऊन भातावर तूप आणि वर शेकशेगडी! घरची स्थिति बेताची असली तरी सव्वा महिना हा थाट होतां होईल तों राखला जाई. त्यांत शहाणपण होतें. आजच्या भारतीय शिफारशींप्रमाणें अंगावर पाजणाऱ्या मातेला पहिले सहा महिने रोज सुमारें ६०० उष्मांक अधिक लागतात, आणि गर्भिणीला सुमारें ३५०. पण त्याच घरांत गर्भिणीला काय सांगत? “बेतानें जेव, मूल वाढलें तर सुटका अवघड जाईल!” डोहाळजेवणाचा दिवस सोडला तर तिचें ताट सर्वांच्या मागून वाढलें जाई. मान प्रसूतीनंतर, आणि काटकसर प्रसूतीपूर्वीं, ही उलटी रीत आम्हांस विचार करण्याजोगी वाटते.

ही रीत आमच्या जुन्या शास्त्राची नव्हे. चरकसंहितेच्या शारीरस्थानांतील आठव्या अध्यायांत गर्भिणीला कोणत्या महिन्यांत दूध, कोणत्या महिन्यांत लोणी व तूप द्यावें, याचा महिनावार क्रम दिलेला आहे. ‘डोहाळे’ हा शब्द ‘दोहद’ या संस्कृत शब्दापासून आला. दोन हृदयें धारण करणारी ती दौहृदिनी, तिची इच्छा मोडूं नये, असा सुश्रुताचाही अभिप्राय आहे. आम्हीं सोहळ्याचा एक दिवस राखिला आणि नऊ महिने विसरलों.

पुढें कोंकणावर निराळाच प्रसंग आला. भात अपुरें, जमीन खडकाळ. म्हणून विसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत मुंबईंत बाहेरून आलेल्या वस्तींत रत्नागिरी जिल्ह्याचे लोक संख्येनें सर्वांत पुढें होते. त्या वेळच्या जिल्ह्यांत आजचा सिंधुदुर्गही होता. पुष्कळ बायका गांवींच राहून मनिऑर्डरीची वाट पाहत चिखलांत लावणी करीत. कांहीं गिरण्यांतील सूत गुंडाळण्याच्या खात्यांत शिरल्या. परसांतला शेवगा, अळू आणि पहिल्या पावसाबरोबर फुकट उगवणारा टाकळा चाळींत कोठून येणार? तेथें पालाही विकत घ्यावा लागे.

१९२८ सालच्या जुलै महिन्यांत मुंबई कायदेमंडळांत गिरणीकामगार स्त्रियांच्या प्रसूतिभत्त्याचें बिल चर्चेस आलें. ज्यांचें मूळ गांव याच जिल्ह्यांतील मंडणगड तालुक्यांत आंबडवे, त्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं त्यास पाठिंबा दिला. मातेला प्रसूतीनंतरच नव्हे, तर प्रसूतीपूर्वींही विश्रांति मिळणें राष्ट्राच्या हिताचें आहे, असा त्यांचा मुद्दा होता. १९२९ सालीं कायदा झाला.

त्याच १९२८ सालीं डॉ. लूसी विल्स ही इंग्रज विदुषी परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्यें आली. मुंबईंतील गरीब गर्भिणींना एका विशिष्ट पंडुरोगानें ग्रासलें होतें. त्यांत रक्तपेशी फुगत आणि कित्येकींचा अंत होई. रोगजंतूंचा शोध निष्फळ ठरल्यावर तिनें बायकांच्या ताटाकडे पाहिलें. ज्यांचें अन्न सर्वांत निकृष्ट, त्यांच्यांतच रोग अधिक! माकडांवर प्रयोग झाले, आणि मार्माइट नांवाच्या स्वस्त यीस्ट-अर्कानें रोगी बायका बऱ्या होऊं लागल्या. १९३१ च्या जूनमध्यें तिनें हें ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्यें प्रसिद्ध केलें. तें अज्ञात द्रव्य १९४१ सालीं अमेरिकेंत पालकाच्या पानांतून वेगळें काढलें गेलें. लॅटिन भाषेंत पान म्हणजे ‘फोलियम’. त्यावरून ‘फॉलिक ॲसिड’ हें नांव पडलें. १९४५ सालीं लेडर्ले प्रयोगशाळेंत आंध्रपुत्र यल्लाप्रगड सुब्बाराव यांच्या मार्गदर्शनाखालीं तें कृत्रिम रीतीनें तयार झालें. परसांत जें फुकट होतें, त्याची किंमत जगाला मुंबईच्या गरीब स्त्रियांच्या आजारावरून कळली.

पुढचें संशोधन काळाच्या आणखी मागें गेलें. १९९१ सालच्या ब्रिटिश प्रयोगानें दाखविलें कीं, हें द्रव्य गर्भधारणेपूर्वींपासून घेतल्यास गर्भाच्या पाठकण्याचे व मेंदूचे बहुतेक गंभीर दोष टळतात. ते दोष पहिल्या चार आठवड्यांतच उद्भवतात; तेव्हां पुष्कळ स्त्रियांना आपण गर्भवती आहों हेंही ठाऊक नसतें. मुंबईंतील गरीब वस्त्यांत स्त्रियांना पालेभाजी, फळें व दूध घातलेला खाऊ रोज देऊन पाहण्यांत आला; त्याचे निष्कर्ष २०१४ सालीं प्रसिद्ध झाले. सर्व स्त्रिया एकत्र धरल्या तर फरक ठळक नव्हता. परंतु गर्भधारणेपूर्वीं निदान तीन महिने ज्यांनीं खाऊ सुरू केला, त्यांच्या बाळांचें वजन सरासरीनें सुमारें ४८ ग्रॅम अधिक भरलें. आतां चिपळूण तालुक्यांतील डेरवणच्या वालावलकर रुग्णालयानें रत्नागिरी जिल्ह्यांतील किशोरवयीन मुलींच्याच पोषणाचा दीर्घ अभ्यास हातीं घेतला आहे.

सरकारी योजनेनुसार गर्भिणीला १८० दिवस व प्रसूतीनंतर १८० दिवस लोह आणि फॉलिक ॲसिडची गोळी मिळते. ती अवश्य घ्यावी. पण गोळी म्हणजे जेवण नव्हे. बाळंतिणीचे लाडू कमी करा, असें आम्ही म्हणत नाहीं. आमचें म्हणणें इतकेंच कीं, तो मान नऊ महिने आणि त्याच्याही मागें न्यावा. जी मुलगी उद्यां आई होणार, तिला आजच भावाच्या बरोबरीनें पानावर बसवावें, आणि तिच्या पानांत पालेभाजी व दूध शेवटीं उरलेलें नव्हे, पहिल्यानें वाढावें.