गुरुपरंपरेचा नकाशा

ज्ञानेश्वरीच्या अखेरीस ज्ञानेश्वरांनीं आपली गुरुपरंपरा सांगितली आहे. आदिनाथ, मत्स्येंद्र, गोरक्ष, गहिनी आणि निवृत्तिनाथ ही ओळ आपल्या महाराष्ट्राच्या ओळखीची आहे. पित्याचें नांव सांगावें तितक्याच अगत्यानें गुरूचें नांव सांगावें, ही आपल्याकडील जुनी रीत. विसाव्या शतकाच्या अखेरीस पश्चिमेकडील गणितज्ञांनींहि आपल्या गुरुशिष्यांचा वंशवृक्ष संगणकाच्या साह्यानें मांडावयास घेतला, हें ऐकून श्रोत्यांस कौतुक वाटेल. तो वृक्ष काढण्याचें साधन कसें घडत गेलें, आणि त्या वृक्षावर कोणास जागा मिळते व कोणास मिळत नाहीं, हें आज थोडक्यांत सांगावयाचें आहे.

घराण्याची वंशावळ बापाकडून मुलाकडे एकाच ओळीनें उतरते. विद्येच्या कुळांत तसें नसतें. दिरिक्ले हा जर्मन गणितज्ञ घ्या. पॅरिसचे प्वासाँ व फूरिए हे दोघेहि त्याचे गुरु मानतात. आणि या दोघांच्याहि वर लाग्रांज हें एकच नांव येतें. म्हणजे खालून दोन झालेल्या फांद्या वर जाऊन पुन्हां एक होतात. याला वृक्ष म्हणावयाचें तें केवळ सोयीसाठीं. वस्तुतः हें एक जाळें आहे. असें जाळें हातानें कागदावर काढूं गेल्यास पांचसहा पिढ्यांतच रेषा एकमेकींत गुंततात, आणि नवें नांव निघालें कीं सारा कागद पुन्हां काढावा लागतो.

यावर पहिला उपाय असा, कीं चित्र बाजूस ठेवून प्रथम नोंदी कराव्या. अमेरिकेंतील मिनेसोटा राज्यांत मॅनकेटो येथें गणिताचे अध्यापक असलेले हॅरी कून्स यांना आपल्या गुरूचे गुरु कोण, हें ठाऊक नव्हतें. त्या जिज्ञासेंतून त्यांनीं १९९६ च्या सुमारास मॅथेमॅटिक्स जीनिऑलॉजी प्रॉजेक्ट हें कार्य आरंभिलें. पुढें तें नॉर्थ डकोटा स्टेट युनिव्हर्सिटीकडे गेलें. प्रत्येक व्यक्तीचें नांव, विद्यापीठ, डॉक्टरेटचें साल, प्रबंधाचा मथळा, मार्गदर्शक आणि शिष्य इतकी माहिती त्यांत लिहितात. अशा तीन लाखांहून अधिक नोंदी आतां झाल्या आहेत. शाळेच्या जनरल रजिस्टरांत प्रत्येक मुलास एक नंबर असतो, तसाच येथें प्रत्येक गणितज्ञास असतो. हा नंबर फार उपयोगी पडतो; कारण एकट्या बर्नुली घराण्यांतच योहान व निकोलाउस हीं नांवें एकाहून अधिक जणांचीं आहेत.

नोंदी जमल्या तरी तेवढ्यानें चित्र होत नाहीं. शेंकडों नांवें कागदावर कोठें मांडावीं, म्हणजे रेषांचा गुंता होणार नाहीं? सुदैवानें या प्रश्नाचें उत्तर आधींच निघालेलें होतें. १९८१ सालीं जपानांतील सुगियामा व त्यांचे सहकारी यांनीं एक पद्धत प्रसिद्ध केली. प्रथम प्रत्येक नांवाची पायरी ठरवावी, म्हणजे गुरु वर व शिष्य खालीं. नंतर एकाच पायरीवरील नांवें इकडेतिकडे सरकवून रेषांचे छेद कमी करावे. शेवटीं नेमकी जागा ठरवून रेषा ओढाव्या. अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेच्या मंडळींनीं हीच वाट पुढें नेऊन ‘डॉट’ नांवाचा प्रोग्राम सिद्ध केला. त्याची रीत १९९३ सालीं प्रसिद्ध झाली.

नोंदी एकीकडे आणि चित्रकार दुसरीकडे, अशी ही स्थिति. त्यांची सांगड घालणारा छोटा प्रोग्राम म्हणजे जीनिअग्राफर. त्याला एका गणितज्ञाचा नंबर द्यावा आणि वर जावयाचें कीं खालीं, तें सांगावें. तो ती नोंद वाचतो, गुरूचे नंबर टिपून घेतो, मग त्यांच्या नोंदी वाचतो. एकदां पाहिलेला नंबर पुन्हां मोजीत नाहीं, म्हणून दोन फांद्या एकत्र आल्या तरी नांव दोनदां येत नाहीं. वर गेल्यास वाट कोठें तरी संपते. खालीं उतरल्यास मात्र एखाद्या थोर पुरुषाचे शिष्यप्रशिष्य हजारोंनीं निघतात आणि कागद पुरत नाहीं. सर्व वाचून झालें कीं तो डॉटला समजेल असा मजकूर लिहून देतो. आरंभीं हा प्रोग्राम नोंदींचीं पानें माणसाप्रमाणें वाचून त्यांतील नांवें वेंचीत असे. म्हणून पानाची मांडणी बदलली कीं तो अडखळावयाचा. तेंच पान पुन्हां पुन्हां मागण्याचा भारहि मूळ संस्थेवर पडे. म्हणून पुढें एकदां वाचलेली नोंद जवळ ठेवण्याची सोय त्यांत झाली.

साधन असें सुधारत गेलें. परंतु रेषेचा अर्थ काय, हें तें सांगूं शकत नाहीं. या नोंदींत ऑयलरच्या खालीं लाग्रांज येतो. तो ट्यूरिनमध्यें होता, ऑयलर बर्लिनमध्यें. दोघांचा पत्रव्यवहार झाला, भेट कधींच झाली नाहीं. कोल्हापुरांत जन्मलेल्या जयंत नारळीकरांनीं १९६३ सालीं केंब्रिजची डॉक्टरेट मिळविली. त्यांचे गुरु फ्रेड हॉइल यांनीं मात्र ती पदवी कधींच घेतली नाहीं. रामानुजनांचे गुरु हार्डी यांच्याजवळहि अभ्यास करून मिळविलेली डॉक्टरेट नव्हती. केवळ पदवीचा धागा धरून वर चढूं म्हटलें, तर अशा ठिकाणीं दोर तुटतो. तो तुटूं नये म्हणून संपादकांना पदवीबाहेरचें नातेंहि मान्य करावें लागतें. पण चित्रांत सर्व रेषा सारख्याच दिसतात.

आणि देवळालीच्या शाळेंत १९३० ते १९६२ पर्यंत गणित शिकविणारे दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर? सारे आंकडे सारखे नसलेली कोणतीहि चार आंकडी संख्या घ्यावी, तिचे आंकडे उतरत्या व चढत्या क्रमानें मांडून वजाबाकी करीत जावें, म्हणजे अखेर ६१७४ हीच संख्या येते, हें त्यांनीं १९४९ सालीं जाहीर केलें. आज जगभर त्या संख्येस त्यांचें नांव आहे. पण त्यांनीं डॉक्टरेट घेतली नाहीं, कोणास दिलीहि नाहीं. पदवीच्या नियमानें त्यांच्या वर्गांतल्या मुलांची ओळ कोणत्याच नकाशावर उमटणार नाहीं.

या कार्याची थोरवी यानें उणी होत नाहीं. आपल्या विद्यापीठांनीं व महाविद्यालयांनीं अशा नोंदी अवश्य ठेवाव्या. मात्र नांवाशेजारीं नात्याचा प्रकारहि लिहावा. हा प्रबंधाचा मार्गदर्शक, हा पत्रानें शिकविणारा, हा शाळेंतला मास्तर, असें स्पष्ट असावें. रेषा ओढण्याचें काम यंत्र आपल्याहून सुबक करील. कोणाचें ऋण कोणतें, हें आठवून लिहिण्याचें काम शिष्यांचेंच आहे. आठवण ताजी आहे तोंवर तें श्रोत्यांनीं करावें, इतकी विनंति करून मी आपली रजा घेतों.