हातचा नसलेला हार

ताडकळसला (ता. पूर्णा, जि. परभणी) गणित शिकवत असताना मी दरवर्षी एकदा तरी फळ्यावर नऊ एक मांडायचो आणि त्या संख्येला तिनेच गुणायचो. उत्तर येई १२३४५६७८९८७६५४३२१. पोरं हरखून जात. मी सांगायचो, "ही कापरेकरांची संख्या." हे विधान अर्धेच खरे आहे, हे मला फार उशिरा कळले.

दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर (१९०५-१९८६) मूळचे डहाणूचे. १९३० ते १९६२ ते देवळालीला शाळामास्तर होते. फक्त एक हा अंक असलेल्या संख्यांच्या वर्गांना त्यांनी 'डेम्लो' संख्यांच्या कुळात बसवले. हे नाव त्यांनी जी. आय. पी. रेल्वेवरच्या एका स्थानकावरून घेतले. कल्पना तिथेच सुचली होती.

पण हा आकार त्यांच्याही फार आधीचा आहे. इसवी सन ८५०च्या सुमारास राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात महावीराचार्यांनी 'गणितसारसंग्रह' रचला. त्यात २७९९४६८१ ला ४४१ ने गुणून १२३४५६५४३२१ मिळवले आहेत. हा सहा एकांचा वर्गच. दोन्हीकडून सारख्या दिसणाऱ्या अशा गुणाकारांना ते गळ्यातल्या हाराची उपमा देतात. १२३४५६७९ ला ९ ने गुणून नऊ एक मिळवण्याचे उदाहरणही त्यांच्याकडे आहे.

मग कापरेकरांचे काय उरले? पुष्कळ. अंकांच्या बेरजेने नि:शेष भागली जाणारी ती 'हर्षद' संख्या, ही व्याख्या त्यांची. आपल्या संख्येच्या अंकांची बेरीज ८१. ८१ने भागले तर बरोबर १२३४५६७९ चा वर्ग येतो. म्हणजे ती हर्षदही ठरली. शिवाय तिचे उजवीकडचे नऊ अंक तोडून उरलेल्या आठांत मिळवा : ९८७६५४३२१ + १२३४५६७८ = ९९९९९९९९९. वर्गाचे असे दोन तुकडे करून बेरीज घेण्याची रीत 'कापरेकर संख्यां'त आहे. ७०३ चा वर्ग ४९४२०९, आणि ४९४ + २०९ = ७०३.

एका वर्षी मागच्या बाकावरच्या मुलीने विचारले, "सर, दहा एक घेतले तर?" मी मांडून पाहिले : १२३४५६७९००९८७६५४३२१. हार तुटला. उभ्या बेरजेत मधल्या रकान्यात दहा एक आले आणि हातचा घ्यावा लागला. नवापर्यंत हातचा नाही, एवढेच या सौंदर्याचे रहस्य.

कापरेकरांकडे पदव्युत्तर पदवी नव्हती. अनेक जाणकारांनी त्यांचे काम पोरखेळ मानले. १९७५च्या मार्चमध्ये मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये त्यांच्यावर लिहिले, तेव्हा जगाने दखल घेतली. तोवर त्यांची सत्तरी झाली होती.

त्यांना मोठे करण्यासाठी महावीराचार्यांचे श्रेय त्यांच्या नावावर लिहायची गरज नाही. आता मी मुलांना दोन्ही नावे सांगतो; आणि दहा एकांचा प्रश्न मीच आधी विचारतो.